परदेशी खेळ, जुनी यंत्रे आणि घरचा टीव्ही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

चवथीची सुट्टी संपली की या सदराकडे एका विषयाची पत्रे हमखास येतात. बोटीवरून, आखातातून, लिस्बनहून किंवा लंडनहून घरी आलेल्या नातेवाइकाने येताना एखादे जुने व्हिडीओ गेमचे यंत्र, किंवा नुसत्याच कॅसेटी आणि डिस्क, मोठ्या हौसेने आणलेल्या असतात आणि घरच्या टीव्हीवर त्या चालत नाहीत. या वेळी अशी पत्रे इतकी आली की संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे मामा मालवाहू बोटीवर आहेत. योकोहामाला त्यांनी माझ्यासाठी जुने सुपर फॅमिकॉम आणि पहिले प्लेस्टेशन, दोन्ही खेळांसह, विकत घेतले. दोन्हींचे प्लग चपट्या दोन पिनांचे आहेत. आपल्याकडे मिळणारा कन्व्हर्टर लावून ते सुरू करू का? आजोबांचा जुना टीव्ही वापरावा की हॉलमधला एलईडी? (एक विद्यार्थी, साखळी)

उत्तर : हे उत्तर वाचून होईपर्यंत कृपया काहीही प्लगात घालू नका. बाजारात ज्याला आपण कन्व्हर्टर म्हणतो तो केवळ पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते आणि आपल्याकडे २३० व्होल्टची. मी स्वतः ही चूक केलेली आहे. एका मित्राने आणलेले जपानी प्लेस्टेशन मी असाच कन्व्हर्टर लावून सुरू केले, तेव्हा हिरवा दिवा क्षणभरही नीट लागला नाही. आतून बारीक टक् असा आवाज आला आणि जळक्या बेकेलाइटचा वास खोलीभर पसरला. वीजपुरवठ्याची पट्टी पूर्ण बदलावी लागली आणि ती मिळेपर्यंत कित्येक महिने ते यंत्र माझ्या कपाटात पडून होते. त्या मित्राला काय सांगायचे हे मला आजही सुचत नाही. म्हणूनच परदेशी यंत्र हाती आले की आधी वीज, मग चित्र आणि सर्वांत शेवटी खेळाचे कुलूप (म्हणजे दुसऱ्या देशाचा खेळ अडवणारी यंत्रातली सोय), असा क्रम मी ठेवतो आणि तोच तुम्हाला सांगतो.

तुमच्या दोन यंत्रांची विजेची बाब एकसारखी नाही. प्लेस्टेशनचा वीजपुरवठा यंत्राच्या पोटात असतो, त्यामुळे त्याला २३० चे १०० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. १०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर या यंत्राला भरपूर झाला, मात्र घेताना तो १०० व्होल्टचा आहे ना, हे विचारून घ्या, कारण दुकानांत अनेकदा अमेरिकी उपकरणांसाठीचा ११० व्होल्टचा दिला जातो. सुपर फॅमिकॉमचे तसे नाही. त्याचा अडॅप्टर बाहेर असतो आणि तो यंत्राला १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर इतका डीसी पुरवठा करतो. हा जपानी अडॅप्टर त्याच ट्रान्सफॉर्मरला जोडता येईल, किंवा २३० व्होल्टवर चालणारा, तेवढ्याच क्षमतेचा चांगला अडॅप्टर इथेच घेता येईल. मात्र त्याच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असला पाहिजे. आपल्याकडे मिळणारे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे, मध्ये धन असलेले असतात. यंत्रावर आणि अडॅप्टरवर दोन वर्तुळांची एक छोटी आकृती छापलेली असते. ती जुळत नसेल तर तो अडॅप्टर परत करा.

विजेची वारंवारता वेगळी असल्यामुळे जपानी यंत्र इथे चालणार नाही, असे तुम्हाला कोणी सांगितले तर काळजी करू नका. जपानमध्येच पूर्वेकडे, टोकियो आणि योकोहामाच्या बाजूला, ५० हर्ट्झची वीज असते आणि पश्चिमेकडे, ओसाकाच्या बाजूला, ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथले यंत्र दोन्हींवर चालावे असेच बनवलेले असते.

चित्राच्या वारंवारतेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो विजेच्या वारंवारतेपासून वेगळा ठेवला पाहिजे. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा आपण पाल ही पद्धत घेतली, जिच्यात ६२५ ओळींचे चित्र सेकंदाला ५० वेळा रंगवले जाते. जपान आणि अमेरिकेत एनटीएससी होती, म्हणजे ५२५ ओळी आणि सेकंदाला जवळपास ६० वेळा. आजोबांचा टीव्ही फक्त पालचा असेल तर जपानी यंत्राचे चित्र त्यावर कृष्णधवल दिसेल किंवा पट्ट्यासारखे वर सरकत राहील. सरकणारे चित्र मागच्या किंवा पुढच्या झाकणाखाली असलेल्या व्हर्टिकल होल्डच्या बटणाने पुष्कळदा स्थिर करता येते, पण रंग त्याने येणार नाहीत. टीव्हीच्या मेनूत किंवा मागच्या पट्टीवर मल्टी-सिस्टिम किंवा एनटीएससी असा उल्लेख असेल तर तुमच्या आनंदाला सीमा राहणार नाही, कारण या यंत्रांचे चित्र काचेच्या नळीच्या पडद्यासाठीच रचलेले आहे आणि तिथेच ते खुलते.

एलईडी टीव्ही साधारणतः दोन्ही पद्धती ओळखतो. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांची वायर एव्हीच्या जागी लावा, मेनूत रंगपद्धती आपोआप ओळखण्यावर ठेवा आणि गेम मोड असेल तर तो सुरू करा. गेम मोड नसेल तर बटण दाबल्यानंतर पात्राने उडी मारेपर्यंत अगदी किंचित वेळ जातो आणि नेमकेपणाच्या खेळात तो फार जाणवतो.

तुमचे यंत्रही जपानी आणि खेळही जपानी, त्यामुळे कुलपाचा प्रश्न तुम्हाला येणारच नाही. मामांनी यंत्र आणि खेळ एकाच देशातून, एकदमच आणले, हे त्यांनी फार शहाणपणाचे केले.

प्रश्न : वडिलांनी २००० च्या सुमारास घेतलेले प्लेस्टेशन आमच्याकडे आहे. ते पाल पद्धतीचे असून त्यात चिप बसवलेली आहे. न्यू जर्सीच्या चुलत भावाने तिथल्या मूळ डिस्क पाठवल्या. खेळ सुरू होतो, आवाज नीट येतो, पण चित्र कृष्णधवल दिसते. डिस्क खराब आहेत का? आणि ही चिप बेकायदा आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : डिस्क उत्तम आहेत. खेळ सुरू होतो याचा अर्थच असा की यंत्राने त्या वाचल्या. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये पडद्यावर ५० की ६० हर्ट्झचे चित्र काढायचे, हे डिस्कवरचा खेळ ठरवतो. अमेरिकी डिस्क तुमच्या पाल यंत्राकडून ६० हर्ट्झचे चित्र काढून घेते, पण त्यासोबत जाणारा रंगाचा संकेत टीव्हीला ओळखू येईल अशा नेमक्या स्वरूपात निघत नाही. टीव्हीला प्रकाशाची माहिती मिळते, रंगाची मिळत नाही आणि चित्र कृष्णधवल उमटते. पिवळ्या पिनेच्या वायरमध्ये प्रकाश आणि रंग एकाच तारेतून जातात, म्हणून हा घोटाळा होतो. आरजीबी वायरमध्ये लाल, हिरवा आणि निळा या तिघांसाठी स्वतंत्र तारा असतात, त्यामुळे त्या संकेताची गरजच उरत नाही आणि रंग पूर्ण येतात. आपल्याकडच्या टीव्हींना आरजीबीची युरोपीय खाच सहसा नसते, म्हणून आरजीबीचे एचडीएमआय करणारी छोटी पेटी मध्ये घालावी लागेल. ती घेताना प्लेस्टेशनची वायर आणि पेटी एकमेकांना जुळतात का, हे दुकानदारासमोरच लावून पाहा.

आता चिपबद्दल. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण या कुलपाची रचना समजली की बाकीचे बरेच काही आपोआप उलगडते. प्लेस्टेशनच्या मूळ डिस्कच्या सर्वांत आतल्या कड्याजवळ, माहिती सुरू होण्यापूर्वीच्या भागात, मार्गिकेला मुद्दाम एक सूक्ष्म लहर दिलेली असते. त्या लहरीत चार अक्षरे दडलेली असतात : जपानी डिस्कवर एससीईआय, अमेरिकी डिस्कवर एससीईए आणि युरोपीय डिस्कवर एससीईई. यंत्र सुरू होताना ही अक्षरे वाचते आणि आपल्या देशाची नसतील तर डिस्क नाकारते. घरच्या संगणकावर जाळलेल्या डिस्कवर ही लहर उमटवताच येत नाही. म्हणजे परदेशी डिस्क अडवणारे कुलूप आणि नकली डिस्क अडवणारे कुलूप हे दोन नसून एकच आहे. चिप काय करते, तर ती अक्षरे स्वतःच यंत्राला पुरवते, त्यामुळे एक दार उघडताना दुसरेही उघडते. आपल्याकडे त्या काळी बहुसंख्य यंत्रांत ती बसवली गेली ती परदेशी खेळांसाठी नव्हे, तर पन्नास रुपयांच्या नकली डिस्क चालाव्यात म्हणून, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यामुळे मूळ डिस्क काय असते, तिचे पुस्तक, तिचा काळा तळ, हे आमच्या पिढीतल्या अनेकांनी पाहिलेच नाही.

कायद्याचे म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ अ हे कलम घालण्यात आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, अशी शिक्षा त्यात आहे. कलमातला हेतूचा उल्लेख महत्त्वाचा आहे. भावाने पैसे देऊन घेतलेली मूळ डिस्क खेळणे आणि नकली डिस्क खेळणे या दोन गोष्टी मी तरी कधीच एका पारड्यात घालणार नाही. तरीही नव्याने कोणी विचारले तर चिप बसवण्यापेक्षा त्या देशाचे जुने यंत्र घ्यावे, असेच मी सांगेन. तुमच्या यंत्रातली चिप इतकी वर्षे नीट चालते आहे; ती काढण्यासाठी मात्र आता यंत्रावर कावीया (झाळण्याचे तापते हत्यार) चालवू नका.

आणखी एक लक्षात ठेवा. डिस्क कुठल्या देशाची आहे, हे तिच्यावर छापलेल्या क्रमांकाच्या अक्षरांवरून कळते. एसएलपीएस किंवा एससीपीएस असेल तर जपानी, एसएलयूएस किंवा एससीयूएस असेल तर अमेरिकी, एसएलईएस किंवा एससीईएस असेल तर युरोपीय. मेमरी कार्ड सगळीकडे तेच चालते, पण एकाच खेळाच्या अमेरिकी आवृत्तीत साठवलेली प्रगती युरोपीय आवृत्तीत सहसा सापडत नाही, कारण नोंदीच्या नावातच देशाची खूण असते. भावाने कार्ड पाठवले तर ते त्याच्याच डिस्कसोबत वापरा.

प्रश्न : लहानपणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलेला टीव्ही गेम माळ्यावर सापडला आणि चालतोही आहे. जपानला शिकायला गेलेल्या भाचीने मूळ फॅमिकॉमच्या चार कॅसेटी आणल्या. त्या यात घातल्या तर काही बिघडेल का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : काहीही बिघडणार नाही, आणि माझ्या मते या महिन्यातली ही सर्वांत आनंदाची बातमी आहे. आपल्याकडे ज्याला नुसते टीव्ही गेम म्हणत, तो बहुतेक वेळा १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असे, आणि त्याची कॅसेट तशीच ६० पिनांची असे. मूळ फॅमिकॉममध्ये देशाचे कुलूप नव्हते. ते अमेरिकी आवृत्तीत, म्हणजे एनईएसमध्ये, पुढे आले. म्हणून जपानी कॅसेट तुमच्या टीव्ही गेममध्ये सरळ बसते आणि चालते. अमेरिकी कॅसेट मात्र ७२ पिनांची आणि आकाराने मोठी असते. तिच्यासाठी ७२ चे ६० करणारा जोड मिळतो.

दोन फरक तुम्हाला जाणवतील. आपल्याकडचे नकली यंत्र पालसाठी बनलेले असल्यामुळे ते सेकंदाला ५० चित्रे काढते, तर जपानी खेळ ६० चित्रांच्या हिशेबाने लिहिलेला असतो. मूळ यंत्रावर एक मिनिट लागणारा टप्पा तुमच्याकडे ७२ सेकंद घेईल, आणि संगीतही त्याच प्रमाणात संथ वाजेल. आपण सारे लहानपणी याच संथ तालावर खेळलो, त्यामुळे मूळ जपानी यंत्रावर तोच खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोणीतरी तो पळवत असल्यासारखे मला वाटले होते. खरे तर आमचाच मंद होता. दुसरा फरक आवाजाचा. काही जपानी कॅसेटींत आवाजासाठी वेगळी चिप असते आणि तिचा आवाज कॅसेटच्या दोन पिनांमधून यंत्रात जातो. पुष्कळ नकली यंत्रांत त्या पिना जोडलेल्याच नसतात, म्हणून खेळ चालतो पण संगीतातले काही सूर गळून पडतात.

भाचीला पुढच्या वेळी यंत्रच आणायला सांगणार असाल, तर १९८३ चे लाल-पांढरे फॅमिकॉम आणण्यापूर्वी एक विचार करा. त्याला एव्हीची खाच नाही, ते फक्त अँटेनाच्या वायरीतून जपानी वाहिनी १ किंवा २ वर चित्र सोडते. या वाहिन्या ९० मेगाहर्ट्झच्या पुढे, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्यात येतात, आणि आपल्या टीव्हीवर त्या लागल्या तरी आवाजाची पद्धत वेगळी असल्याने आवाज नीट येत नाही. १९९३ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीला एव्ही आहे, तीच मागवा. आणि एनईएसचा ९ व्होल्टचा एसी अडॅप्टर फॅमिकॉमला कधीही लावू नका. एनईएसच्या पोटात एसीचे डीसी करणारे भाग असतात, फॅमिकॉममध्ये नसतात.

प्रश्न : लिस्बनच्या आत्येने तिच्या मुलाचे युरोपीय सुपर निन्टेन्डो आम्हाला दिले. त्यात जपानी कॅसेट नीट बसते, पण खेळ सुरू होत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो की आतल्या चिपचा एक पाय उचलला की काम होईल. करू द्यावे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : दुरुस्तीवाला सांगतो ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. यंत्रात एक छोटी चिप आणि कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप, अशी ही रचना असते. दोघी सतत एकमेकींशी ठरावीक संकेतांनी बोलत राहतात आणि उत्तर चुकले की यंत्राचा मेंदू थांबवला जातो. युरोपीय आणि जपानी कॅसेटींचा आकार सारखाच आहे, पण त्यांच्या चिपांची भाषा वेगळी आहे. यंत्रातल्या चिपचा चौथा पाय उचलला की ती पहारा सोडते. मात्र मग यंत्र ५० हर्ट्झवरच राहते, जपानी खेळ मंद चालतो, आणि काही खेळ हर्ट्झ तपासून पुढे जाण्यास नकार देतात. त्यासाठी पुन्हा दुसरा बदल करावा लागतो.

माझे मत विचाराल तर करू देऊ नका. ते यंत्र तीस वर्षे कोणी उघडलेले नाही, आणि आत्येने ते मुलाची आठवण म्हणून दिले आहे. त्याऐवजी दोन खाचांचा एक जोड मिळतो. मागच्या खाचेत युरोपीय कॅसेट घालायची, पुढच्या खाचेत जपानी. यंत्राच्या प्रश्नांना मागची कॅसेट उत्तरे देते आणि खेळ पुढच्या कॅसेटमधला चालतो. या जोडाने पुष्कळ खेळ चालतात. ज्या कॅसेटींत स्वतःचा वेगळा प्रोसेसर आहे त्यांपैकी काही चालत नाहीत. तुमच्याकडे जपानी कॅसेटी चार-पाचच असतील तर हा जोड पुरे. त्या वाढत जाणार असतील तर साखळीच्या विद्यार्थ्यासारखे जपानी यंत्रच, म्हणजे सुपर फॅमिकॉम, घ्या. युरोपीय यंत्राला ९ व्होल्टचा एसी अडॅप्टर लागतो आणि जपानी यंत्राला डीसी. दोन्ही घरात आली की अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी लावून ते वेगळे ठेवा.

प्रश्न : परदेशातून आलेल्या कॅसेटी पहिल्या पावसाळ्यापर्यंत छान चालल्या. आता फुंकर मारल्याशिवाय चालत नाहीत, आणि एका कॅसेटमध्ये साठवलेला खेळही राहत नाही. (एक वाचक, वास्को)

उत्तर : फुंकर मारणे आजपासून बंद करा. फुंकर मारल्यावर कॅसेट चालते ती बहुधा आपण ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. श्वासातला ओलावा मात्र पिनांवर बसतो आणि तांबे हळूहळू हिरवे पडते. वास्कोला समुद्राची खारी हवा आधीच हे काम करत असते. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, त्यात कापसाची काडी बुडवून पिनांवरून वरपासून खाली फिरवा, आणि काडी काळी होणे थांबेपर्यंत नवी काडी घेत राहा. मी जपानहून आलेल्या एका स्वच्छ दिसणाऱ्या कॅसेटला सात काड्या वापरल्या होत्या. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट यंत्रात घाला.

साठवण राहत नाही याचे कारण आतली बॅटरी आहे. त्या काळच्या अनेक कॅसेटींत खेळाची नोंद ३ व्होल्टच्या नाण्यासारख्या बॅटरीवर तग धरते, बहुधा सीआर २०३२ वर. ती संपली की नोंद जाते. खेळ मात्र चालत राहतो. ही बॅटरी झाळलेली असते, म्हणून नवी घेताना कडेला धातूच्या पट्ट्या जोडलेलीच घ्या. सुट्या बॅटरीवर थेट कावीया टेकवल्यास ती फुटू शकते. कॅसेटचे स्क्रू वेगळ्या डोक्याचे असतात आणि निन्टेन्डोच्या कॅसेटींना ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. पेनाचे टोक वितळवून पाना करण्याची युक्ती लोक सांगतात, पण तिने स्क्रूची डोकी खराब झालेली मी पाहिली आहेत.

मिरग लागला की कॅसेटी आणि डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तांदळात ठेवू नका. तांदळाचा भुगा पिनांच्या फटीत शिरतो. महिन्यातून एकदा डबा उघडून डिस्कवर बुरशीचे ठिपके आले आहेत का, ते पाहा.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी जपानी डिस्कचे खेळ खेळते. तिला भाषा येत नाही, तरी ती हट्टाने बसते. हे खेळ तिला समजतील का, की दुसरे आणावेत? (एक आई, डिचोली)

उत्तर : तिला बसू द्या. गाड्यांच्या शर्यती, विमानांचे खेळ, ठोकळे जुळवणे आणि मारामारीचे खेळ यांत भाषा फारशी आडवी येत नाही. संवादांवर चालणारे, गावोगाव फिरून माणसांशी बोलण्याचे खेळ मात्र तिला अर्ध्यावर सोडावे लागतील, ते आत्ताच आणू नका.

मुलीला एक गोष्ट आधी सांगून ठेवा. जुन्या जपानी प्लेस्टेशनच्या खेळांत होकारासाठी गोल आणि नकारासाठी फुली दाबायची असते. पाश्चात्त्य खेळांत नेमके उलटे असते. जपानमध्ये गोल ही बरोबरची खूण आहे आणि फुली चुकीची, म्हणून ही रचना. हे माहीत नसल्यामुळे मुले पहिल्याच पडद्यावर होकारासाठी फुली दाबतात, मागे फेकली जातात आणि डिस्क खराब आहे असे समजतात.

दुसरे म्हणजे, खेळांच्या मेनूत पुष्कळदा इंग्रजी शब्दच काताकाना या लिपीत लिहिलेले असतात. तिची मूळ अक्षरे ४६ आहेत. आपल्या बाराखडीची सवय असलेल्या मुलीला ती जड जाणार नाहीत, कारण जपानी अक्षरेही क, कि, कु अशी स्वरासहित येतात, आणि त्यांचा क्रमही अ, का, सा, ता, ना असा आपल्या वर्णमालेची आठवण करून देणारा आहे. एका कागदावर तक्ता लिहून टीव्हीशेजारी लावा. ‘स्टार्ट’ हा शब्द ‘सुताऽतो’ असा वाचता आला की पुढचे शब्द तिचे तीच शोधील.

प्रश्न : माझ्याकडे निन्टेन्डो डीएस आहे. दादा जपानहून त्याच्या कॅसेटी आणणार आहे. त्या चालतील का? (एक शाळकरी वाचक, पेडणे)

उत्तर : चालतील. गेम बॉय, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि डीएस या हातातल्या यंत्रांना खेळांसाठी देशाचे कुलूप नाही. ज्या थोड्या कॅसेटी फक्त डीएसआय या नंतरच्या यंत्रासाठी निघाल्या, त्या तेवढ्या दादाला वगळायला सांग. तुझ्या यंत्राला स्वतःचा पडदा असल्यामुळे पाल आणि एनटीएससीचा प्रश्न येत नाही. चार्जर मात्र दादाला तिथला आणू नको म्हणून सांग. त्यावर इनपुटसमोर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तरच तो इथे चालेल.